लिफ्टचा विषय पुढील सभेपुढे

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा तिच्यात कोणी नव्हतं, आणि सेक्रेटरींच्या मते सगळ्या प्रकरणात समाधान मानण्यासारखी गोष्ट तेवढी एकच होती. अडकली म्हणणंही तसं बरोबर नाही. अडकायला आधी चालावं लागतं. ही लिफ्ट जन्मात कधी चाललीच नव्हती. कंपनीच्या माणसांनी तिचा डबा तळातून वर ओढायला घेतला, निम्म्यावर आणला, आणि जेवून येतो म्हणून जे गेले ते अजून जेवतायत.

सुरुवातीला सेक्रेटरींनी हे मनावर घेतलं नाही. माणूस म्हटला की जेवणारच. आठवडा उलटल्यावर मात्र त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडून एक बाई गोड आवाजात सांगायची की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग बासरी वाजायची. ती बासरी सेक्रेटरींच्या इतकी अंगवळणी पडली की एकदा अंघोळ करताना ते तीच गुणगुणत होते. बायकोने दाराबाहेरून विचारलं, "अहो, लागला का फोन?"

आता हे सेक्रेटरी म्हणजे कोणी मोठी असामी नव्हे. रंगाच्या कारखान्यात ते भांडार सांभाळत. चार मजल्यांच्या त्या इमारतीचे ते सेक्रेटरी झाले ते केवळ एका सभेला जरा उशिरा पोचल्यामुळे. वेळेवर आलेल्या सगळ्यांनी आधीच नकार देऊन ठेवले होते. तेव्हापासून इमारतीत काहीही बिघडलं की लोक प्लंबरच्या आधी त्यांना हाक मारत.

पण खरी गोम चौथ्या मजल्यावर होती. चौथ्या मजल्यावर सेक्रेटरी राहत, आणि त्यांच्याकडे त्यांचे सासरे राहत. सासऱ्यांनी पोटासाठी पोस्टात नोकरी केली होती, पण जीव ओतला होता फुटबॉलमध्ये. खेळाडू म्हणून नव्हे, पंच म्हणून. दिलेला निर्णय त्यांनी कधी मागे घेतला नाही, मग मैदानावरचा असो की घरातला. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं, आणि त्यानंतर ते खाली उतरलेच नव्हते. समोरच्या रस्त्यापलीकडे मैदान होतं. सासरे संध्याकाळी गॅलरीत बसून तिथला खेळ बघत आणि गळ्यातली शिट्टी फुंकत. रस्त्यावरच्या रहदारीत ती शिट्टी मैदानापर्यंत पोचत नसे. "अरे, ऑफसाइड होता तो! डोळे आहेत की बटणं?" असं ते वरून ओरडत, आणि खालचा भाजीवाला दचकून वर बघे.

जावयाबद्दल सासऱ्यांचं मत लग्नाच्या दिवशीच ठरलं होतं. शिंप्याकडून कोटाची पावती मिळेना म्हणून नवरदेव त्याच्याशी वाद घालत बसला आणि स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला. सासऱ्यांनी भर मांडवात खिशातून पिवळं कार्ड काढून दाखवलं होतं. पाहुण्यांना वाटलं, गंमत आहे. जावयाला तेव्हाच कळलं की गंमत नाही.

अशा माणसाला सेक्रेटरींनी एका बेसावध क्षणी शब्द दिला होता. "बाबा, पुढच्या मोसमाचा पहिला सामना तुम्ही मैदानाच्या कडेला बसून बघाल. लिफ्ट येतेय."  दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी पंचाचा जुना काळा शर्ट कपाटातून काढून लेकीकडे इस्त्रीला दिला, आणि तो शर्ट आता रोज जाता-येता खुंटीवरून सेक्रेटरींकडे बघत होता.

कंपनी बुडाल्याची बातमी पहिल्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी आणली. बँकवाले निवृत्त झाले होते, पण दुसऱ्याचं बुडालेलं कर्ज म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर अजून टवटवी येई.

"सेक्रेटरीसाहेब, अभिनंदन," पेपर पुढे करत ते म्हणाले. "तुम्ही धनको झालात."

पेपरात कोपऱ्यात जाहीर सूचना होती. लिफ्ट कंपनीने दिवाळखोरी पत्करली आहे, कोर्टाने कारभार एका प्रशासकाकडे दिला आहे, कंपनीकडून ज्यांचं काही येणं असेल त्या धनकोंनी मुदतीत दावे दाखल करावेत. सेक्रेटरींनी तो शब्द दोनदा मनात घोळवला. आजवरच्या आयुष्यात त्यांना कोणी धनको म्हटलं नव्हतं. सुतकी बातमी असूनही त्यांची मान किंचित ताठ झाली.

"पण त्यात प्रकार असतात," बँकवाल्यांनी लगेच ती मान खाली आणली. "आधी तारण असलेली बँक. मग कामगारांचे पगार. मग सरकार. मग माल पुरवणारे. आणि सगळ्यात शेवटी तुमच्यासारखे."

"आमच्यापर्यंत काय येतं?"

"सहानुभूती," बँकवाले म्हणाले.

तरीही सेक्रेटरींनी दावा भरला. त्यात एक प्रश्न होता, 'दाव्याचं स्वरूप'. बँकवाल्यांचं म्हणणं पडलं, आगाऊ रक्कम लिहा. दुसऱ्या मजल्यावर दाताचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनस्ताप लिहा, आणि त्याखाली माझे रुग्ण जिने चढताना करतात तो त्रागाही लिहा. सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'एक लिफ्ट (चालती)'. जे हवं ते सरळ मागावं असा त्यांचा स्वभाव होता. त्या स्वभावामुळेच त्यांना आयुष्यात फारसं काही मिळालं नव्हतं.

प्रशासकांचं उत्तर आलं ते वाचून मात्र त्यांना खुर्ची शोधावी लागली. दावा फेटाळला होता. कारण लिफ्ट ही रक्कम नाही. शिवाय कराराप्रमाणे डबा चढवला की दुसरा हप्ता देय होतो, डबा चढवलेला आहे, सबब इमारतच कंपनीचं देणं लागते. आणि तो हप्ता भरेपर्यंत डबा कंपनीच्या मालकीचा, त्याला कोणी हात लावू नये.

"म्हणजे आपण मागायला गेलो आणि देणं घेऊन आलो," बायको म्हणाली.

"चोराच्या उलट्या बोंबा आहेत या! डबा चढवलेला नाही, लोंबकळतोय!"

"अर्धा चढलाय ना, मग अर्धा हप्ता द्या," गॅलरीतून सासऱ्यांचा आवाज आला. "जावईबापू, दुसरं पिवळं कार्ड काढायला लावू नका. दुसऱ्यानंतर काय होतं ठाऊक आहे ना?"

सेक्रेटरींना ठाऊक होतं. दुसऱ्यानंतर माणूस मैदानाबाहेर जातो.

त्याच आठवड्यात प्रशासकांच्या कचेरीतून एक कारकून आला आणि डब्याला सील लावून गेला. डब्याचा खालचा भाग दुसऱ्या मजल्यावरच्या लिफ्टच्या मोकळ्या चौकटीतून दिसे, त्यामुळे सील आणि त्याखालचा 'मालमत्ता ताब्यात घेण्यात आली आहे' हा कागद बरोबर दवाखान्याच्या समोर आला. रुग्णांना वाटलं, जप्ती दवाखान्यावर आलीय. एक गृहस्थ अर्धी दाढ कोरून झालेली असताना पुढच्या वेळेला आलेच नाहीत. डॉक्टरीणबाई रागाने लाल झाल्या. "सेक्रेटरी, दाढ उघडी टाकून पळालेला रुग्ण मी पहिल्यांदाच पाहिला," त्या म्हणाल्या, "आणि तो तुमच्यामुळे!"

तातडीची सभा बोलावली गेली. इमारतीत सभेसाठी खोली नव्हती, म्हणून सभा जिन्यावर होत. ज्याच्या त्याच्या मजल्याप्रमाणे लोक पायऱ्यांवर बसत, आणि सेक्रेटरी मधल्या चौकात इतिवृत्ताची वही घेऊन उभे राहत. त्या दिवशी त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला. बँकवाले सूचक, डॉक्टरीणबाई अनुमोदक. सेक्रेटरींनी तो जसाच्या तसा लिहून घेतला आणि खाली, हाताला सवय होती म्हणून, पुढचं वाक्यही लिहिलं: 'विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात यावा.'

हे वाक्य म्हणजे या इमारतीचा कणा होता, ते समजून घेतल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. इथे कोणतंही भांडण सोडवत नसत. ते पुढच्या सभेपुढे ठेवत. कोणाच्या कुंड्यांचं पाणी कोणाच्या कपड्यांवर गळतं, गच्चीची किल्ली कोणाकडे असावी, हे विषय वर्षानुवर्षं पुढे चालले होते. एका विषयातला तक्रारदार घर विकून परगावी गेला होता, आणि तरी विषय पुढे चालूच होता. दरम्यान टाकी धुतली जाई, दिवे बदलले जात, जिने झाडले जात. भांडण संपेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर इमारतीला अजून दारंही लागली नसती. सासऱ्यांना या पद्धतीचा भयंकर तिटकारा होता. "टोलवाटोलवी! ज्याला निर्णय देता येत नाही त्याने शिट्टी गळ्यात घालू नये," ते म्हणत. जावयाने गळ्यात कधी शिट्टी घातली नव्हती, पण मुद्दा त्यांच्यापर्यंत पोचत असे.

अविश्वास पुढे ढकलला गेल्यावर सेक्रेटरींनाच धनकोंच्या बैठकीला पाठवायचं ठरलं, कारण दुसरं कोणी जायला तयार नव्हतं.

बैठक प्रशासकांच्या कचेरीत होती. खोली लांबट, पंखा एक, खुर्च्या कमी. पुढे बँकेचे वकील पाय पसरून बसले होते. बाजूला लिफ्टचे वायररोप, म्हणजे तारेचे दोर, पुरवणारा व्यापारी, भिंतीला टेकून लिफ्ट बसवणारा मिस्त्री आणि त्याची माणसं, आणि मागे अवघडून उभे असलेले, चेहऱ्यावर जिने चढल्याचा थकवा असलेले लोक. ते इतर इमारतींचे सेक्रेटरी आहेत हे आपल्या सेक्रेटरींनी न विचारता ओळखलं. प्रशासक सभ्य माणूस होते, पण त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"बँकेची भूमिका स्पष्ट आहे," वकील म्हणाले. "सगळं भंगारात काढा आणि आमचे पैसे द्या."

"भंगारात? दोर माझे आहेत!" व्यापारी उसळला. "एकाचेही पैसे मिळालेले नाहीत. मी माझे दोर कापून नेणार!"

"दोर कापलेत तर डबे खाली येतील," मिस्त्री म्हणाला. "आणि आमच्या पगाराचं काय? घरी काय सांगू मी?"

मग जे सुरू झालं त्याला बैठक म्हणणं कठीण होतं. व्यापारी वकिलांवर, वकील मिस्त्रीवर, आणि मागचे सेक्रेटरी सगळ्यांवर एकदम बोलत होते. प्रशासक टेबलावर पेन आपटत होते. या गदारोळात एकच माणूस शांत होता, कारण त्याला हे सगळं अगदी घरच्यासारखं वाटत होतं. त्याने पिशवीतून वही काढली आणि लिहायला घेतलं.

"अहो, तुम्ही काय लिहिताय?" वकिलांनी संशयाने विचारलं.

"इतिवृत्त," सेक्रेटरी म्हणाले, आणि कोणी न सांगता वाचू लागले. "बँकेचं म्हणणं, आधी आमचे. दोरवाल्यांचं म्हणणं, आधी आमचे. मिस्त्रींचं म्हणणं, आधी आमचे. आधी कोणाचे, यावर सविस्तर चर्चा झाली. सदर वाद पुढील सभेपुढे ठेवण्यात यावा, असं ठरलं."

"असं कोणी ठरवलं?"

"ठरवावं लागत नाही. ठरतंच," सेक्रेटरी निरागसपणे म्हणाले. "पुढचा विषय. आमची लिफ्ट. मिस्त्री, तिचं काम किती राहिलंय?"

मिस्त्री गोंधळला. भांडायच्या तयारीने आलेल्या माणसाला कामाचं विचारलं की तो गोंधळतो. "फार नाही," तो म्हणाला. "दोर ताणायचे, दारं बसवायची, पॅनेल जोडायचं. माल सगळा गोदामात पडलाय."

"आमचीही तशीच आहे," मागून एक सेक्रेटरी म्हणाले. "आमचीही! शेवटचे हप्ते आम्ही देऊ की. लिफ्ट चालू द्या!" दुसऱ्याने हात वर केला.

प्रशासकांचं पेन टेबलावर थांबलं. "किती इमारतींचे हप्ते असे अडकलेत?" त्यांनी विचारलं, आणि मागच्या भिंतीजवळचे सगळे हात वर गेले.

"पण भंगार..." वकील म्हणाले.

"वकीलसाहेब, ते डबे मध्येच लटकलेत," प्रशासक सावकाश म्हणाले. "भंगार खाली उतरवायला हाच मिस्त्री लागणार आणि त्याला मजुरी द्यावी लागणार. तेवढ्याच मजुरीत तो लिफ्ट चालू करेल, आणि हप्ते येतील. आधी कोणाला, ते..." ते जरा अडखळले. जन्मभर कायदा शिकलेल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य सहज येत नव्हतं. "ते पुढच्या सभेत बघू."

वकील बाहेर जाऊन फोनवर बोलून आले. बँकेची हरकत नाही, पण बँकेचे सगळे हक्क राखून, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. सेक्रेटरींनी तेही लिहून घेतलं. व्यापारी दोर ठेवायला तयार झाला. निघताना मिस्त्रीने सेक्रेटरींचा हात हातात घेऊन घट्ट दाबला. तेवढ्याने सेक्रेटरींचे डोळे भरून आले आणि घाईने खाली उतरताना त्यांचा पाय मुरगळला.

फक्त एक अट होती. प्रत्येक इमारतीने आपले राहिलेले हप्ते आधी एका वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि लिफ्ट चालू झाली की मगच ते कंपनीकडे जायचे. लंगडत परतलेल्या सेक्रेटरींनी हे जिन्यावरच्या सभेत सांगितलं, तेव्हा पायऱ्यापायऱ्यांवरून हाहाकार उठला.

"बुडालेल्या कंपनीसाठी आणखी पैसे?" बँकवाले ओरडले. "दुधाने तोंड पोळलं तरी आपण ताकही फुंकून प्यायचं नाही?"

"आधी सील काढा, मग बोला!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि दावा फेटाळल्याबद्दल त्यांनी माफी मागायला हवी. आमचा अपमान झालाय."

सेक्रेटरी काहीतरी बोलू पाहत होते, पण कोणी ऐकेना. त्यांनी वर बघितलं. चौथ्या मजल्यावरचं दार उघडं होतं आणि आतला खुंटीवरचा काळा शर्ट दिसत होता. मोसम सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले होते. आपण हरलो, असं त्यांना अगदी स्वच्छ वाटलं.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

गॅलरीतून रस्त्यावर विरून जाणारी शिट्टी वेगळी आणि बंद जिन्यात वाजलेली वेगळी. पहिल्या मजल्यावरच्या पायरीवरून बँकवाले चक्क उठून उभे राहिले. वर सासरे वॉकर धरून कठड्याशी उभे होते.

"ऐका," ते म्हणाले. "समोरच्याने पाय घालून पाडलं, पण बॉल अजून आपल्याकडे आहे आणि समोर गोल मोकळा आहे. अशा वेळी कच्चा पंच शिट्टी वाजवतो. पक्का पंच वाजवत नाही. तो दोन्ही हात पुढे करतो. खेळ चालू! फाउल झालाय, दिसलाय, लक्षात आहे. त्याचं नंतर बघू. आता बॉल घेऊन पळा!" त्यांना धाप लागली. "एवढी वर्षं मला वाटायचं, आमचे जावई टोलवाटोलवी करतात. आज कळलं, खेळ चालू ठेवतात."

 सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला.

"मंजूर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माफीचा विषय मात्र..."

"पुढील सभेपुढे," सगळा जिना एका सुरात म्हणाला. सासरे सोसायटीचे सभासद नव्हते, त्यामुळे इतिवृत्तात त्यांचं नाव घालता येईना. सेक्रेटरींनी लिहिलं, 'वरून एक उपयुक्त सूचना आली.'

मिस्त्री माणसं घेऊन आला. काम झटपट व्हायला हवं होतं, पण ते लिफ्टचं काम होतं. एक दार उलटं आलं. पॅनेलवरचा चौथ्या मजल्याचा आकडा सापडेना, तेव्हा तिथे बायकोने नखाला लावायच्या रंगाने चार काढला. मोसमाचा पहिला सामना सुरू झाला तेव्हा मिस्त्री अजून गच्चीवरच्या मोटरीपाशी होता, आणि काळा शर्ट घातलेले सासरे गॅलरीत बसून, शिट्टीला हात न लावता, खाली बघत होते. सेक्रेटरी घरातून जिन्यात आणि जिन्यातून घरात येरझारा घालत होते.

मध्यांतर झालं आणि लिफ्टची घंटा वाजली.

सासरे, सेक्रेटरी आणि मिस्त्री आत शिरले. डबा निघाला, तिसरा मजला गेला, आणि बरोबर जुन्या जागी येऊन थांबला.  सासऱ्यांचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला. त्या खिशात काय असतं ते सेक्रेटरींना ठाऊक होतं.

"सवय लागलीय हो तिला या जागेची," म्हणत मिस्त्रीने पॅनेलवर एक थाप मारली, आणि डबा निमूट खाली उतरला.

रस्ता ओलांडून मैदानाच्या कडेला खुर्ची मांडली. सासऱ्यांनी खाली वाकून गवताला हात लावला आणि बराच वेळ तो उचलला नाही. उत्तरार्ध सुरू झाला. थोड्या वेळात एकाने दुसऱ्याला पाडलं, आणि सासऱ्यांनी जुन्या सवयीने शिट्टी फुंकली. सगळं मैदान थांबलं. खरा पंच चक्रावून कडेला बघू लागला. इतक्या दिवसांनी शिट्टी मैदानाला ऐकू आली म्हणून सासऱ्यांचा चेहरा असा उजळला की सेक्रेटरींना आपला मुरगळलेला पायही विसरायला झाला. सासऱ्यांनी दोन्ही हात ऐटीत पुढे केले. खेळ चालू!

सामना संपला. मग सासऱ्यांनी खिशातून ते जुनं पिवळं कार्ड काढलं. कडा झिजल्या होत्या.

"लग्नात दाखवलं होतं तुम्हाला."

"मागे घेताय, बाबा?" सेक्रेटरींनी श्वास रोखून विचारलं.

"पंच निर्णय मागे घेत नाही," सासरे म्हणाले. त्यांनी कार्ड जावयाच्या हातात ठेवलं आणि उठण्यासाठी त्याच्या खांद्यावर भार टाकला. "पुढच्या सभेपुढे ठेवा."